सासऱ्यांची शंका, घरची वीज आणि अक्कलकोटचा रोजचा रस्ता

वाचकाचे पत्र

‘मी अक्कलकोटमधील एका महाविद्यालयात शिकवते आणि विजापूर रोडवरील आमच्या बैठ्या घरापासून तिथपर्यंत रोज स्वतः गाडी चालवत जाते. बारा वर्षांची पेट्रोल गाडी अजून चालते, पण पेट्रोलचा महिन्याचा खर्च आता झेपेनासा झाला आहे. इलेक्ट्रिक गाडी घ्यावी असे मला मनापासून वाटते. माझे सासरे एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. ते म्हणतात, “वाटेत थांबली तर धक्का मारूनही चालू होणार नाही, अशी गाडी दारात नको.” त्यांना हृदयाच्या तपासणीसाठी दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याला न्यावे लागते, म्हणून माझ्या यजमानांना त्या प्रवासाची चिंता आहे. दीर म्हणतात, सोलापूरच्या उन्हात बॅटरी टिकणार नाही. मुलगी म्हणते, वीज कोळशाचीच, मग उपयोग काय? महाविद्यालयातील एक सहकारी या गाडीचे गुणगान करतात, तर दुसऱ्यांनी वर्षभरातच ती विकून टाकली. मी कोणाचे ऐकावे? आणि नवी गाडी घेतलीच, तर जुनी लगेच विकावी का?’
एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर

ताई,

तुमच्या दोन्ही सहकाऱ्यांचे अनुभव खरे असणार, आणि तरीही त्यांपैकी एकाचाही अनुभव तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही. पेट्रोलवरून विजेवर आलेली जी माणसे मी सोलापुरात जवळून पाहिली, त्यांच्यातले कोण सुखी झाले आणि कोण त्रासले, हे गाडीच्या किमतीवरून किंवा कंपनीवरून ठरलेले मला दिसले नाही. ते दोन गोष्टींवरून ठरले: रात्री गाडी कुठे उभी राहते, आणि दिवसाचा रस्ता सकाळी माहीत असतो की नाही.

जुळे सोलापुरातील माझ्या परिचयाच्या एका बँक अधिकाऱ्यांचे घर स्वतंत्र आहे आणि शाखा ठरलेली आहे. गाडी घेतल्यानंतरचे पहिले काही महिने त्यांचे लक्ष रस्त्यापेक्षा पडद्यावरच्या टक्क्यांकडे अधिक असे. बॅटरी साठ टक्क्यांवर आली तरी ते अस्वस्थ होत, आणि घरी पोहोचताच चपला काढण्याआधी गाडीला वायर जोडत. हळूहळू त्यांच्या लक्षात आले की आठवड्यातून दोन-तीनदा चार्जिंग केले तरी पुरते. आता त्यांना पेट्रोल पंपावरची रांग आठवतसुद्धा नाही. याउलट कापडाचा व्यापार करणाऱ्या दुसऱ्या एका गृहस्थांचा दिवस फोनवर ठरतो. सकाळी इचलकरंजीला जायचे म्हणून निघावे आणि सांगोल्यापर्यंत पोहोचेतो लातूरच्या गिऱ्हाइकाचा निरोप यावा, असा त्यांचा धंदा आहे. शिवाय ते राहतात त्या इमारतीच्या समितीने वाहनतळात सॉकेट बसवू दिले नाही, त्यामुळे प्रत्येक युनिट त्यांना बाहेरून, महाग दराने आणि वाट पाहून घ्यावे लागले. त्यांनी वर्षभरात गाडी विकली, आणि त्यांच्या परिस्थितीत तो निर्णय योग्यच होता असे मी मानतो.

तुमचे घर बैठे आहे, गाडी तुमच्याच आवारात उभी राहते आणि रोजचा रस्ता ठरलेला आहे. म्हणून माझे मत प्रारंभीच स्पष्टपणे सांगतो: तुम्ही इलेक्ट्रिक गाडी जरूर घ्यावी. मात्र शोरूमची पायरी चढण्यापूर्वी एका जाणत्या वायरमनला घरी बोलवावे.

याचे कारण असे की या गाड्यांसंबंधी घरगुती पातळीवर जे त्रास आणि जे धोके उद्भवतात, त्यांचे मूळ बहुतेक वेळा गाडीत नसते, घराच्या वायरिंगमध्ये असते. गाडीबरोबर मिळणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि तासाला सुमारे तीन युनिट वीज घेतो. गीझरही साधारण तेवढीच वीज घेतो, पण तो पाव तास चालतो. गाडी मात्र सलग पाच-सहा तास तेवढा प्रवाह ओढत राहते. गीझरला आयुष्यभर पुरलेली वायर आणि सॉकेट या सलग भाराने तापू शकतात, वितळू शकतात. त्यामुळे मीटरपासून पोर्चपर्यंत केवळ गाडीसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्यावी, तिला भार वाढताच वीज तोडणारा स्वतःचा एमसीबी आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी असावा, आणि कोणत्याही परिस्थितीत एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये. अर्थिंगची तपासणी तर उपकरण लावून करून घ्यावी. नुसते ‘आहे, आहे’ असे उत्तर मानू नये. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की जुन्या घरांचे अर्थिंग कमकुवत होते, आणि अर्थिंग नीट नसेल तर अनेक चार्जर गाडी चार्ज करण्यास सरळ नकार देतात. मग ग्राहक गाडीला दोष देत बसतो. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तोही पाहावा. एसी आणि गाडी रात्री एकाच वेळी चालणार असतील, तर महावितरणकडे भार वाढवून मागणे बरे. भिंतीवर बसवायचा ७.२ किलोवॅटचा मोठा चार्जर तुम्हाला आग्रहाने सुचवला जाईल. तुमच्या रोजच्या वापरासाठी त्याची गरज नाही.

ती का नाही, हे हिशेबावरूनच दिसेल. विजापूर रोडवरून अक्कलकोटपर्यंत जाऊन येण्याचे अंतर सुमारे ८० किलोमीटर धरू या. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे तुम्हाला रोज साधारण १२ ते १३ युनिट लागतील, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरली तर १४. साध्या सॉकेटवर हे काम पाच तासांत होते. रात्री दहाला वायर जोडली तर पहाटे तीनला गाडी तयार असेल. एखाद्या रात्री वीज गेली तरी बिघडणार नाही, कारण अडीचशे-तीनशे किलोमीटर जाणाऱ्या गाडीत तुमचे तीन दिवसांचे जाणे-येणे शिल्लक असते.

आता पैशाचे पाहू. महिन्याला पंचवीस फेऱ्या धरल्या तर २,००० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १३३ लिटर पेट्रोल लागते, आणि १०४ रुपयांच्या भावाने त्याचे जवळजवळ १३,९०० रुपये होतात. विजेचे ३५० युनिट लागतील. इथे बहुतेक लोक एक गोष्ट विसरतात. घरगुती वीज १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी महाग होत जाते, आणि गाडीचे युनिट तुमच्या घरच्या वापरावर चढत असल्यामुळे ते वरच्या, महाग टप्प्यात पडतात. त्यामुळे बिलाची सरासरी काढून हिशेब करू नये. गाडीचे युनिट १५ रुपयांचे धरले तर महिन्याला ५,२५० रुपये होतात, म्हणजे साडेआठ हजारांहून अधिक बचत. इलेक्ट्रिक आणि पेट्रोल गाडीच्या किमतीत तीन लाखांचा फरक आहे असे धरले आणि महाविद्यालयाच्या सुट्ट्यांमुळे वर्षातले दहाच महिने मोजले, तरी तो फरक सुमारे साडेतीन वर्षांत भरून निघतो. तुमच्या जागी दिवसाला पंधरा किलोमीटर फिरणारे कोणी असते, तर त्यांना मी जुनी गाडीच चालवा असे सांगितले असते.

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार असेल, तर तो याच वेळी करावा. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, आणि सोलापूरच्या लख्ख उन्हात असा संच दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतो; म्हणजे जवळजवळ तुमच्या गाडीची रोजची गरज. तुमची गाडी दिवसा अक्कलकोटला असेल आणि वीज रात्री लागेल, म्हणून नेट मीटरिंगचे, म्हणजे दिवसा महावितरणला दिलेली जादा वीज बिलातून वजा करण्याच्या पद्धतीचे, सध्याचे नियम महावितरणच्या कार्यालयात बसून नीट समजून घ्यावेत. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर हा हिशेब सोडू नये.

बॅटरी किती मोठी घ्यावी? कंपनी सांगते तो पल्ला प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. २०२० मध्ये आलेल्या टाटांच्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती आणि जाहीर पल्ला ३१२ किलोमीटरचा होता. प्रत्यक्षात चालवणारे दोनशेच्या आसपासचा आकडा सांगत. म्हणून कोणत्याही गाडीच्या जाहीर आकड्याच्या दोन तृतीयांशाएवढाच पल्ला आपला मानावा, आणि त्यावर आनंद मानता येत असेल तरच ती घ्यावी. अक्कलकोटसाठी २५ युनिटांची लहान बॅटरीसुद्धा पुरेल. पण तुमच्या घरात पुण्याचा प्रवास आहे आणि तो वृद्ध, आजारी माणसाला घेऊन करायचा आहे. तेव्हा ४५ युनिटांच्या आसपासची, शांत वेगाने तीनशे किलोमीटरपर्यंत जाणारी गाडी निवडावी.

यजमानांची चिंता रास्त आहे, आणि ‘चार्जर आता सगळीकडे आहेत’ अशा मोघम उत्तराने ती जाणार नाही. सोलापूर ते पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. कागदावर पाहिले तर पूर्ण भरलेली गाडी न थांबता पोहोचते. पण मी तसे करू नका असेच सांगेन. मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी मागे टाकून इंदापूर किंवा भिगवणला थांबावे, म्हणजे जवळजवळ अर्धा रस्ता झालेला असतो आणि बॅटरीत अर्ध्याहून थोडी अधिक वीज शिल्लक असते. हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला सलग चार-पाच तास बसवून नेऊ नये. पाय मोकळे करणे, औषध, चहा आणि स्वच्छतागृह यांत अर्धा तास जातोच. तेवढ्या वेळात वेगवान चार्जर पुण्यात शहरभर फिरण्यापुरती वीज भरून देतो. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की भरण्याचा वेग मुद्दाम कमी केला जातो, म्हणून तिथे पूर्ण भरण्याची वाट पाहत बसू नये, निघावे.

या प्रवासाचा एकच कडक नियम मी सांगतो: चार्जर नेहमी दोन ठरवावेत, एक थांबण्याचा आणि दुसरा त्याच्या पुढचा, आणि पहिल्यापाशी पोहोचताना दुसऱ्यापर्यंत जाण्याएवढी वीज शिल्लक असावी. महामार्गावरील हॉटेलांच्या आणि पेट्रोल पंपांच्या आवारात चार्जर आहेत; पण एखादा बंद असतो, एखाद्याची गन, म्हणजे वायरचे गाडीला जोडायचे टोक, दुसऱ्या गाडीत असते, आणि कुठे नेटवर्क नसल्यामुळे पैसे भरले जात नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री दोन-तीन कंपन्यांची ॲप मोबाइलमध्ये घेऊन त्यांत थोडे पैसे भरून ठेवावेत. रुग्ण गाडीत बसलेला असताना ओटीपीची वाट पाहणे फार जिवावर येते. बाहेरचे युनिट महाग असते, वीस रुपयांच्या आसपास किंवा त्याहून वर, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. पण तुमच्यासाठी ते दोन-तीन महिन्यांतून एकदा असल्याने खर्चाचा मेळ बिघडत नाही. वेग मात्र आवरावा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ताशी ८५ ऐवजी ११० ने गाडी नेली तर पल्ल्यातला मोठा भाग तिथेच गळून जातो. राज्य शासनाने इलेक्ट्रिक गाड्यांना दिलेली पूर्ण टोलमाफी मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर आहे. तुमच्या रस्त्यावर टोल भरावाच लागेल.

एक लाभ मात्र तुम्हाला पुण्यात पोहोचल्यावर कळेल. रुग्णालयाबाहेर तासभर थांबावे लागले तर इंजिन चालू न ठेवता, धूर न करता, सासऱ्यांना थंड गाडीत बसवून ठेवता येते.

दिरांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, आणि लिथियमच्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते, हे शास्त्रीयदृष्ट्या खरे आहे. पण त्यावर उपाय गाडी निवडताना आणि वापरताना दोन्ही वेळा करता येतो. बॅटरी द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा असलेलीच गाडी घ्यावी. बॅटरीचा प्रकार विचारावा. एलएफपी प्रकार उष्णता आणि रोजची पूर्ण चार्जिंग अधिक सोसतो, तर एनएमसी प्रकार रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच भरलेला बरा. बॅटरीला सर्वांत घातक काय, तर शंभर टक्के भरलेली गाडी दिवसभर रणरणत्या उन्हात उभी करणे. सुदैवाने तुमची गाडी अक्कलकोटला पोहोचेतो काहीशी रिकामी झालेली असेल; महाविद्यालयात झाडाखाली किंवा शेडमध्ये जागा मिळेल एवढे पाहावे, आणि प्राचार्यांची रीतसर परवानगी घेऊन तेवढ्यासाठी लेखी अर्जही करावा. संध्याकाळी घरी आल्यावर लगेच वायर न जोडता जेवणानंतर जोडावी. मे महिन्यात भर दुपारी महामार्गावर वेगवान चार्जिंग करण्याची वेळ आली तर ते मंद गतीने होईल, कारण गाडी स्वतःच बॅटरीला जपते. पुण्याला पहाटे निघणे हा त्यावरचा उत्तम उपाय. बहुतेक कंपन्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. तुमच्या वापराने वर्षाला पुण्याच्या फेऱ्यांसह बावीस-तेवीस हजार किलोमीटर होतील, म्हणजे किलोमीटरची मर्यादा सुमारे सात वर्षांत आधी संपेल. म्हणून बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर हमी लागू होते, हे कागदावर वाचल्याशिवाय सही करू नये.

पावसात विजेचा धक्का बसेल, अशी भीतीही तुम्हाला कोणीतरी घालेल. बॅटरीचा खोका आयपी ६७ दर्जाचा असतो, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी जाऊ नये अशी त्याची चाचणी झालेली असते. आगीच्या बातम्या २०२२ च्या उन्हाळ्यात प्रामुख्याने स्कूटरींच्या होत्या. त्यानंतर स्कूटर आणि मोटारी या दोहोंसाठी बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. मला अधिक काळजी वाटते ती वर सांगितलेल्या वायरिंगची.

मुलीचा प्रश्न मला फार आवडला, आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळायला हवे. होय, आपली बरीचशी वीज कोळशाचीच आहे. आपल्या शेजारी आहेरवाडी-फताटेवाडी परिसरातला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा प्रकल्पही कोळशावरच चालतो. इलेक्ट्रिक गाडी घेतल्याने प्रदूषण नाहीसे होते असे तिला कोणी सांगत असेल, तर ते खोटे आहे. पण पेट्रोलचे इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोहोचवते आणि बाकीची उष्णता म्हणून वाया घालवते. इलेक्ट्रिक मोटार बॅटरीतली चार पंचमांशाहून अधिक ऊर्जा चाकांना देते. शिवाय सात रस्त्यावर सिग्नलला थांबलेल्या रिक्षावाल्याच्या आणि शाळेच्या मुलांच्या नाकात तिचा धूर जात नाही. छतावर सौर पॅनेल बसवले तर मुलीच्या आक्षेपाला तुमच्या घरापुरते आणखी चांगले उत्तर मिळेल. तो हिशेब तिलाच मांडू द्यावा.

आता सासऱ्यांविषयी. ताई, तुमच्या पत्रातला हा भाग वाचताना मला वाटले की घरातल्या सर्वांत जाणत्या चालकाला तुम्ही विरोधकांच्या रांगेत उभे केले आहे. ज्या माणसाने उभी हयात प्रवाशांनी भरलेली बस वेळेवर आणि सुखरूप नेण्यात घालवली, त्याची वाटेत अडकण्याची भीती अज्ञानातून आलेली नसते. डेपोतून निघताना डिझेल किती, घाट कुठे, गाडी कुठे थांबवता येईल आणि बिघडली तर कुठून मदत मिळेल, हे सगळे डोक्यात ठेवूनच ते स्टिअरिंगवर बसत असणार. इलेक्ट्रिक गाडीने लांबचा प्रवास करताना नेमकी हीच शिस्त लागते, आणि पेट्रोलच्या सुबत्तेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती नव्याने शिकावी लागते. एसटीत दहा लिटरमागे किती किलोमीटर गाडी गेली यावर चालकाचे कौशल्य जोखले जाते. पुढचा अडथळा लांबून ओळखून आधीच पाय काढून घेणे, उगाच वेग वाढवून ब्रेक न मारणे, उतार वाया न घालवणे, या त्यांच्या हाडात भिनलेल्या सवयी आहेत. नव्या गाडीत पाय काढला की मोटारच जनित्र होते, वेग कमी करताना थोडी वीज परत बॅटरीत जाते, आणि संयमाने चालवणाऱ्याला त्याचे फळ पडद्यावर लगेच दिसते. सासऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांना गाडीत बसवून दाखवावे.

त्यांना हेही सांगावे की त्यांच्या एसटीने हा बदल कधीच स्वीकारला आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि १ जून २०२२ रोजी एसटीची पहिली ‘शिवाई’ इलेक्ट्रिक बस त्याच मार्गावर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, धावली. एखाद्या दिवशी त्यांना ‘शिवाई’तून प्रवास घडवता आला आणि तिच्या चालकाशी दोन शब्द बोलू दिले, तर तुमच्या-माझ्या शंभर युक्तिवादांपेक्षा त्याचा परिणाम अधिक होईल. चालकाचा शब्द चालकाला पटतो.

चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा शोरूमभोवती एक चक्कर मारून परत येऊ नये. विक्रेत्याकडे आग्रह धरून ती वळसंगपर्यंत तरी न्यावी, सासऱ्यांना पुढच्या आसनावर बसवावे, आणि त्यांना बसता-उतरताना गुडघे किती वाकवावे लागतात तेही पाहावे; बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांची बैठक उंच असते. परत आल्यावर त्यांचे मत सर्वांसमोर विचारावे, आणि ते प्रतिकूल असेल तर कारण लिहून घ्यावे. त्यांनी काढलेली खोट बहुधा खरी निघेल, आणि ती दुसऱ्या गाडीत नसेल. पुण्याच्या पहिल्या फेरीत कुठे थांबायचे हे ठरवण्याचे काम पूर्णपणे त्यांच्याकडे सोपवावे. आजारपणामुळे ज्या माणसाला आता दुसऱ्याच्या सोयीने मागे बसून जावे लागते, त्याला आपल्या जाणतेपणाची घरात गरज आहे हे कळणे औषधाइतकेच मोलाचे असते.

धक्का मारण्याचा त्यांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य करावा. बॅटरी संपलेली किंवा बिघडलेली ही गाडी धक्का मारून चालू होत नाही, ती फ्लॅटबेड ट्रकवर चढवूनच न्यावी लागते. म्हणून रस्त्यावरील मदतसेवा वाहन विम्यात किंवा कंपनीच्या करारात आहे का, ती मोहोळ-टेंभुर्णीच्या पट्ट्यात किती वेळात पोहोचते, आणि उच्च विद्युत दाबाच्या यंत्रणेवर काम करणारा प्रशिक्षित माणूस सोलापुरातल्याच कार्यशाळेत आहे की गाडी पुण्याला पाठवावी लागते, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर ती गाडी कितीही आवडली तरी सोडून द्यावी, असे माझे ठाम मत आहे. या गाड्या अचानक ‘मेल्या’ म्हणतात तेव्हा कारण पुष्कळदा मोठ्या बॅटरीत नसून दिवे आणि कुलपे चालवणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत असते. ती प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्यावी.

तुम्हाला स्वतःला चालवताना एकच सावधगिरी सांगायची आहे. ही गाडी आवाज करत नाही आणि पाय ठेवताच झेपावते. कुंभारी-वळसंगच्या वस्तीतून जाताना रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि शेळ्यांना ती आल्याचे कळत नाही, आणि गुरुवारी अक्कलकोटात स्वामींच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत तर कोणीच मागे वळून पाहत नाही. पहिले काही आठवडे गाडी तिची झेप आवरणाऱ्या इको मोडवरच ठेवावी.

करांविषयी थोडक्यात. इलेक्ट्रिक गाडीवरील जीएसटी २०१९ पासून ५ टक्के आहे आणि तिच्या सक्तीच्या त्रयस्थ विम्यात १५ टक्के सूट आहे. कर्जावरील व्याजाला ‘८० ईईबी’ कलमाखाली आयकरात वजावट मिळेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच आहे.

जुनी गाडी लगेच विकू नये. शोरूममध्ये नव्या गाडीच्या व्यवहारातच ती देऊन टाकण्याचा आग्रह होईल, आणि दिलेला भाव त्या क्षणी बरा वाटेल. पण पुण्याची निदान एक फेरी आणि आपला एक उन्हाळा नव्या गाडीने काढेपर्यंत ती दारात असू द्यावी. तेवढ्या काळात यजमानांची चिंता उरली आहे की नाही हे बोलण्यातून नव्हे, तर पुण्याला निघताना ते कोणती किल्ली उचलतात यावरून तुम्हाला कळेल. जुन्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण व्हायला अजून तीन वर्षे आहेत, त्यामुळे विकण्याची घाई नाही; मात्र जसजशी ती मुदत जवळ येईल तसतसा भाव उतरत जाईल, म्हणून ती कायमची ठेवण्यातही अर्थ नाही. तोपर्यंत आठवड्यातून एकदा ती दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी, टाकीत पेट्रोल थोडेच ठेवावे, आणि विम्याचे नूतनीकरण करण्याची तारीख येण्याच्या महिनाभर आधी घरात सर्वांनी बसून तिचे काय करायचे ते ठरवावे.